प्रकल्प नोंदी: बेरियम टायटनेटची फिल्म, गळती प्रवाह आणि लेसरची खिडकी

९ जानेवारी

उद्दिष्ट: स्ट्रॉन्शियम रुथेनेट (एसआरओ), बेरियम टायटनेट (बीटीओ), पुन्हा स्ट्रॉन्शियम रुथेनेट असा तीन थरांचा कपॅसिटर. बीटीओ १०० नॅनोमीटर, खालचा आणि वरचा इलेक्ट्रोड प्रत्येकी ४० नॅनोमीटर. पद्धत पल्स लेसर निक्षेपण (पीएलडी): लेसरच्या झटक्यांनी टार्गेटमधला, म्हणजे घन चकतीतला, पदार्थ उडवून तो तापलेल्या सब्सट्रेटवर, म्हणजे आधाराच्या स्फटिकावर, बसवायचा. मोजमापाची अट: १ व्होल्टला गळती प्रवाह १० मायक्रोअँपिअर/चौ.सेंमीच्या आत. हा टप्पा पार झाला तरच पुढचा भाग, म्हणजे ऊर्जा साठवणारी झिर्कोनियम मिसळलेली फिल्म, हाती घ्यायचा.

सब्सट्रेट दोन प्रकारचे. स्ट्रॉन्शियम टायटनेट (एसटीओ) स्वस्त आणि ओळखीचे, पण त्याचे लॅटिस अंतर (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका घराची लांबी) ३.९०५ अँगस्ट्रॉम. बीटीओचे ३.९९ अँगस्ट्रॉम. एवढा २ टक्क्यांवरचा फरक १०० नॅनोमीटर जाडीची फिल्म निमूटपणे सोसत नाही. मधेच डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले तुटलेपण) पडतात आणि फिल्म अर्धवट सैल होते. गॅडोलिनियम स्कँडेटचे (जीएसओ) अंतर ३.९७ च्या आसपास, फरक १ टक्क्यापर्यंत येतो. म्हणून कॅलिब्रेशन एसटीओवर, खरे नमुने जीएसओवर. स्कँडेट सब्सट्रेटवर स्ट्रेन देऊन (लॅटिस दाबून किंवा खेचून) बीटीओचे क्यूरी तापमान (ज्याच्या वर आपोआपचे विद्युत ध्रुवण नाहीसे होते) कित्येक शे अंशांनी वर नेता येते हे २००४ मध्येच दाखवले गेले आहे. मोठ्या स्फटिकात ते १२०° ते १३०° से. असते.

११ जानेवारी

एसटीओची तयारी. ५ × ५ × ०.५ मिमीचे तुकडे, (००१) पृष्ठभाग.

अॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्हींत ५ मिनिटे अल्ट्रासॉनिक. त्यानंतर डीआयनाइज्ड पाण्यात १० मिनिटे. ही पाण्याची पायरी वगळायची नाही: पृष्ठभागावरचा स्ट्रॉन्शियम ऑक्साइड पाण्याने हायड्रॉक्साइड होतो आणि मगच आम्लात सहज विरघळतो. मग बफर्ड हायड्रोफ्लोरिक आम्लात ३० सेकंद. जास्त वेळ ठेवले की चौकोनी खड्डे पडतात, कमी ठेवले की स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचे पट्टे उरतात. शेवटी ९५०° से. तापमानाला ऑक्सिजनमध्ये दोन तास.

या आम्लासाठी काचेचे भांडे चालत नाही, टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचेच हवे. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी उघडून ठेवलेले असावे, कपाटात नव्हे. हे आम्ल कातडीवर पडल्यावर लगेच दुखत नाही, म्हणून जास्त घातक.

एएफएममध्ये (अणुबल सूक्ष्मदर्शकात) पृष्ठभागाच्या पायऱ्या सरळ, उंची ०.३९ नॅनोमीटर, रुंदी सुमारे २२० नॅनोमीटर. म्हणजे मिसकट (स्फटिक कापताना राहिलेला तिरकेपणा) ०.१ अंश. अर्ध्या उंचीच्या, ०.२ नॅनोमीटरच्या पायऱ्या दिसल्या तर समजावे की स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचे आणि टायटेनियम ऑक्साइडचे, दोन्ही प्रकारचे थर मिसळलेले आहेत. तो तुकडा पुन्हा आम्लात. जीएसओला फक्त १०००° से. वर ऑक्सिजनमध्ये भाजले.

१६ जानेवारी

लेसर आणि टार्गेट. क्रिप्टॉन फ्लोराइड, २४८ नॅनोमीटर. किरण थेट फोकस केलेला नाही. आयताकृती मास्कची प्रतिमा लेन्सने टार्गेटवर पाडली आहे, कारण फोकस केलेल्या ठिपक्याच्या कडेला ऊर्जा हळूहळू उतरत जाते आणि त्या उतारावरून निघालेल्या पदार्थात धातूंचे प्रमाण वेगळे असते. ठिपका सपाट आणि कडा धारदार हवी. टार्गेटच्या जागी थर्मल पेपर ठेवून एक पल्स मारला: २.० × १.५ मिमी, म्हणजे ०.०३० चौ.सेंमी.

खिडकीच्या बाहेर मोजलेली ऊर्जा ४९ मिलिज्यूल. स्वच्छ क्वार्ट्झ खिडकीतून ९२ टक्के आत जाते असे धरून टार्गेटवर ४५ मिलिज्यूल, फ्लुअन्स (दर चौ.सेंमीवर पडणारी ऊर्जा) १.५ ज्यूल/चौ.सेंमी. ऊर्जा कमी-जास्त करायला बाहेरचा अॅटेन्युएटर वापरायचा. लेसरचा व्होल्टेज बदलला की किरणाचा आकारही बदलतो.

टार्गेट २५ मिमी व्यासाचे, घनता ९५ टक्क्यांवर. प्रत्येक फिल्मआधी सिलिकॉन कार्बाइड कागदाने, आधी ४०० मग ८०० नंबरने, घासून घ्यायचे. न घासलेल्या टार्गेटवर लेसरच्या दिशेने झुकलेले सुळके उगवतात, त्यांतून मायक्रोमीटर आकाराचे गोळे उडून फिल्मवर बसतात आणि असा एक गोळा इलेक्ट्रोडखाली आला की कपॅसिटर शॉर्ट. घासल्यावर शटर बंद ठेवून २००० पल्स, ५ हर्ट्झने.

१९ जानेवारी

एसआरओ, एसटीओवर. हीटर ६९०° से., ऑक्सिजन १०० मिलिटॉर, टार्गेट ते सब्सट्रेट ५५ मिमी.

सब्सट्रेट हीटर ब्लॉकला सिल्व्हर पेस्टने चिकटवला. पेस्ट पातळ आणि एकसारखी हवी, १२०° से. वर सावकाश वाळवावी. घाई केली तर खाली बुडबुडा राहतो आणि त्या जागी सब्सट्रेट काही दशक अंशांनी थंड राहतो. थर्मोकपल ब्लॉकचे तापमान सांगतो, सब्सट्रेटच्या पृष्ठभागाचे नाही. म्हणून इथल्या सगळ्या तापमानांचे आकडे ब्लॉकचेच समजावेत.

आरहीडमध्ये (वाढत्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांची तीव्रता पाहणे; एक आंदोलन म्हणजे एक थर) पहिले आंदोलन पुढच्यांपेक्षा लांब. हे अपेक्षितच: पहिला थर बसताना रुथेनियमचा ऑक्साइड उडून जातो आणि पृष्ठभाग टायटेनियमच्या बाजूकडून स्ट्रॉन्शियमच्या बाजूकडे वळतो. त्यानंतर थोडी आंदोलने आणि मग तीव्रता जवळजवळ स्थिर, म्हणजे वाढ पायऱ्यांच्या कडेने सुरू झाली. उत्तम इलेक्ट्रोडची हीच खूण.

रोधकता खोलीच्या तापमानाला २३० मायक्रोओहम-सेंमी, १५० केल्व्हिनला वक्रात स्पष्ट वाकण. रुथेनियम कमी पडले असते तर ही वाकण खाली सरकली असती. इलेक्ट्रोड मंजूर.

२४ जानेवारी

पहिला पूर्ण कपॅसिटर, जीएसओवर. बीटीओसाठी ७००° से., ऑक्सिजन ६० मिलिटॉर, ५ हर्ट्झ. आरहीडच्या आंदोलनातून एका युनिट सेलला (लॅटिसच्या एका घराइतक्या जाडीला) १६ पल्स. १०० नॅनोमीटर म्हणजे सुमारे २४६ सेल, म्हणून ३९४० पल्स ठरवले. वाढ संपल्यावर चेंबरमध्ये ७०० टॉर ऑक्सिजन भरून १०° से. प्रति मिनिट थंड केले.

३१ जानेवारी

वरच्या इलेक्ट्रोडचे कोरीवकाम. आर्गॉन आयनांनी खरवडण्याऐवजी सोडियम मेटापरआयोडेटचे ०.४ मोलरचे द्रावण (१०० मिलिलिटरला ८.५६ ग्रॅम). हे एसआरओ खाते आणि बीटीओला हात लावत नाही, त्यामुळे कडेला आयनांच्या माऱ्याने होणारी इजा टळते. फोटोरेझिस्टचे २५ आणि ५० मायक्रोमीटर व्यासाचे गोल. राखाडी रंग जाऊन पृष्ठभाग पारदर्शक झाला की लगेच पाण्यात. जास्त वेळ ठेवले तर रेझिस्टखालून खात जाते आणि इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ सूत्रात घातलेल्यापेक्षा कमी भरते. प्रत्येक गोलाचा व्यास नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून तोच वापरायचा.

काम फ्यूम हूडमध्येच. रुथेनियमचा टेट्रॉक्साइड बाष्पशील आणि विषारी आहे. कोरण्याचे द्रावण आणि अॅसिटोनचा कचरा एकाच बाटलीत कधीही नाही. कोरण्याचे द्रावण तीव्र ऑक्सिडीकारक आहे.

६ फेब्रुवारी

पहिल्या नमुन्याचा गळती प्रवाह १ व्होल्टला ६० मायक्रोअँपिअर/चौ.सेंमी. त्यानंतरचे नमुने क्रमाने वाईट. ताज्या नमुन्याचा ८ मिलिअँपिअर/चौ.सेंमी.

ताज्या नमुन्याचा ध्रुवण-विद्युतक्षेत्र वक्र १०० हर्ट्झला फुगलेला, टोके गोल. १० किलोहर्ट्झला तोच वक्र बारीक. हे फेरोइलेक्ट्रिक (विद्युतक्षेत्राने उलटणारे आणि क्षेत्र काढल्यावरही टिकणारे) ध्रुवण नव्हे, गळतीचा भार आहे. हिशेब सरळ आहे: १०० हर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनात ५ मिलिसेकंद मिळतात, ८ मिलिअँपिअरने त्यात ४० मायक्रोकूलंब/चौ.सेंमीपर्यंत भार वाहतो. १० किलोहर्ट्झला हाच आकडा ०.४ वर येतो. ज्या वक्राची टोके टोकदार होऊन सपाट होत नाहीत, त्याच्यावरून ध्रुवणाचा आकडा वाचूच नये.

८ फेब्रुवारी

पहिला संशय ऑक्सिजनच्या रिक्त जागांवर. गळणारा नमुना ५००° से. ला, ७०० टॉर ऑक्सिजनमध्ये, एक तास. गळती ८ वरून ५ मिलिअँपिअर. फरक पडला, पण अटीपर्यंतचे जवळपास हजार पटींचे अंतर यातून भरून निघणार नाही.

१३ फेब्रुवारी

एक्स-रे. तांब्याचा के-अल्फा-१, १.५४०६ अँगस्ट्रॉम.

पहिला नमुना: बीटीओचे ००२ शिखर ४४.४९ अंशांवर, फिल्मच्या जाडीच्या दिशेने अंतर ४.०७ अँगस्ट्रॉम. ताजा नमुना: ४४.०३ अंश, ४.११ अँगस्ट्रॉम. ऑक्सिजनमध्ये भाजल्यावरही शिखर हलले नाही. १०३ परावर्तनाच्या नकाशात दोन्ही फिल्म जीएसओशी सरळ एका रेषेत, म्हणजे बाजूच्या दिशेने पूर्ण जखडलेल्या. सब्सट्रेट तोच, स्ट्रेन तोच, तरी उभे अंतर एक टक्क्याने वाढलेले. हे स्ट्रेनचे काम नाही. लॅटिस आतून फुगले आहे, आणि भाजून जात नाही म्हणजे दोष धातूंच्या जागांवर आहेत. धातूचे अणू ५००° से. ला हलत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. शिखराच्या दोन्ही बाजूंच्या जाडीच्या लहरींवरून पहिला नमुना ९९ नॅनोमीटर, ताजा ७३ नॅनोमीटर. पल्स दोन्हींना ३९४०.

१५ फेब्रुवारी

आरहीडच्या साठवलेल्या फाइली उघडून प्रत्येक नमुन्याचे पल्स प्रति सेल काढले. १६ पासून सुरू होऊन क्रमाने वाढत २२ वर. ३९४० भागिले २२ म्हणजे १७९ सेल, म्हणजे ७३ नॅनोमीटर. दोन वेगळ्या मोजमापांचे उत्तर एकच आले.

लेसरच्या पडद्यावरचा आकडा आणि खिडकीबाहेरची ऊर्जा या काळात बदललेली नाही. आजही ४९ मिलिज्यूल. चेंबर उघडून खिडकीचा फ्लँज काढला आणि मीटर एकदा खिडकीच्या पुढे, एकदा मागे धरून मोजले. पारगमन ७२ टक्के. आतल्या बाजूला तपकिरी थर, लेसर जिथून जातो तिथे अंडाकृती डाग थोडा फिकट. एसआरओ आणि बीटीओ दोन्हींचा पदार्थ तिथे जाऊन बसला आहे.

४९ चे ७२ टक्के म्हणजे ३५.३ मिलिज्यूल, फ्लुअन्स १.१८. जो आकडा १.५ समजून लिहिला जात होता तो हळूहळू बावीस टक्क्यांच्या आसपास घसरलेला होता.

सहाच्या तारखेची गळतीची तुलनाही दुरुस्त करावी लागते. ७३ नॅनोमीटरवर १ व्होल्ट म्हणजे १३७ किलोव्होल्ट/सेंमी, १०० नव्हे. मात्र या एवढ्याने गळती शंभर पटीने वाढत नाही.

खिडकी सेरियम ऑक्साइडच्या लगद्याने घासून पारगमन ९१ टक्क्यांवर आणले. ऑक्सिजन आत सोडणारी नळी आता खिडकीच्या पुढ्यात आणली आहे आणि खिडकीला १५० मिमी लांब, अरुंद नळीचा पोर्ट लावला आहे. येणारा वायू प्लूमच्या (लेसरने उडवलेल्या ढगाच्या) पदार्थाला मागे ढकलतो. पंपिंगचा वेग तोच ठेवल्याने चेंबरचा दाब बदलत नाही.

२० फेब्रुवारी

फ्लुअन्सची मालिका: १.१८, १.५, १.९ ज्यूल/चौ.सेंमी. बाकी सर्व स्थिर, आणि जाडी पल्सवरून नव्हे तर आरहीडच्या सेल मोजून ठरवली.

प्रमाण मोजायला रदरफर्ड बॅकस्कॅटरिंग (फिल्मवरून उसळून परतणाऱ्या आयनांच्या ऊर्जेवरून धातू ओळखणे). त्यासाठी फिल्म वेगळ्या, मॅग्नेशियम ऑक्साइडवर. एसटीओवर केले तर सब्सट्रेटमधले टायटेनियम फिल्ममधल्या टायटेनियमवर येऊन बसते, जीएसओवर केले तर गॅडोलिनियम बेरियमच्या वर येते. मॅग्नेशियम हलके असल्याने बेरियम आणि टायटेनियम दोन्ही मोकळे दिसतात. अचूकता दोन टक्क्यांच्या आसपासच मिळते, हे आकडे वाचताना लक्षात असावे.

१.१८ ला बेरियम/टायटेनियम १.०६. १.५ ला १.००. १.९ ला ०.९५.

कल स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये सर्वश्रुत असलेल्यासारखाच: कमी फ्लुअन्सला अल्कलाइन अर्थ धातू जास्त, टायटेनियमच्या जागा रिकाम्या, जास्त फ्लुअन्सला उलट. उभे लॅटिस अंतर दोन्ही बाजूंना वाढते, १.५ च्या जवळ सर्वांत कमी. म्हणून शिखराची जागा फक्त 'प्रमाण बिघडले' एवढे सांगते, कोणत्या बाजूला ते सांगत नाही. त्यासाठी पल्स प्रति सेलचा आकडा जोडीला हवा.

यापुढे प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत तीन आकडे एकत्र: खिडकीबाहेरची ऊर्जा, खिडकीचे शेवटचे मोजलेले पारगमन, पल्स प्रति सेल. पल्स प्रति सेल १७ च्या वर गेले की काम थांबवून खिडकी तपासायची. आरहीड नसलेल्या चेंबरमध्ये हेच काम सिलिकॉनच्या तुकड्यावर ठरावीक पल्स मारून जाडी मोजल्याने होते. टार्गेटवरची ऊर्जा हीच पीएलडीतली खरी राशी आहे. निव्वळ मिलिज्यूलमध्ये लिहिलेल्या कृतीवरून दुसऱ्या चेंबरमध्ये फिल्म बनत नाही.

५ मार्च

१.५ फ्लुअन्सचा नवा संच, जीएसओवर. शिखर ४४.४९ अंश, रॉकिंग कर्व्हची रुंदी (जितकी कमी तितका स्फटिक सरळ) ०.०३ अंश. गळती १ व्होल्टला २ मायक्रोअँपिअर/चौ.सेंमी. अट पूर्ण.

१०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ वक्र आता जवळपास एकावर एक. खात्रीसाठी पन्ड पद्धत: एक उणे पल्स देऊन ध्रुवण एका बाजूला वळवायचे, मग लागोपाठ दोन धन पल्स. पहिल्यात ध्रुवण उलटण्याचा भार, धारितेचा भार आणि गळती, तिन्ही येतात. दुसऱ्यात उलटायला काही उरलेले नसते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे खरे उलटलेले ध्रुवण. तेच मग उणे बाजूने. निघालेले अवशिष्ट ध्रुवण २४ मायक्रोकूलंब/चौ.सेंमी, कोअर्सिव्ह व्होल्टेज (ध्रुवण उलटवायला लागणारा) ०.३५ व्होल्ट.

स्मृतीच्या (संगणकीय मेमरीच्या) दृष्टीने: उलटणारा भार ४८ मायक्रोकूलंब/चौ.सेंमी, ०.५ व्होल्टने लिहिले तर २४ मायक्रोज्यूल/चौ.सेंमी. १०० × १०० नॅनोमीटरच्या मेमरी सेलला २.४ फेम्टोज्यूल. एवढ्या लहान सेलमध्ये हेच ध्रुवण टिकेल असे गृहीत धरलेले आहे. इथला सर्वांत लहान कपॅसिटर २५ मायक्रोमीटरचा आहे.

१४ मार्च

गळतीचा मार्ग. २५° ते १२५° से. पर्यंत मोजणी. शॉट्की (इलेक्ट्रोडच्या सीमेवरून सुटणारा प्रवाह) आणि पूल-फ्रेंकेल (आतल्या दोषांवरून जाणारा प्रवाह), दोन्ही आलेखांत सरळ रेषा मिळते, म्हणून नुसत्या सरळ रेषेवर निष्कर्ष काढायचा नाही. उतारावरून निघणारा प्रकाशीय परावैद्युतांक बीटीओच्या अपवर्तनांकाच्या वर्गाशी, २.४ चा वर्ग म्हणजे ५.८ शी, जुळला पाहिजे. शॉट्कीतून ५.२, पूल-फ्रेंकेलमधून २० च्या वर. म्हणजे चांगल्या फिल्ममध्ये प्रवाह इलेक्ट्रोडच्या सीमेवर अडतो. बेरियम जास्त असलेल्या फिल्ममध्ये नेमके उलट, तिथे पूल-फ्रेंकेल जुळते: दोषांवरून दोषांवर उड्या. प्रमाण सुधारल्याने मार्गच बदलला.

२६ मार्च

दुसरा भाग सुरू. बीटीओचा चौकोनी वक्र स्मृतीला योग्य, ऊर्जा साठवायला अयोग्य: भरलेली ऊर्जा ध्रुवण उलटवण्यात खर्च होते आणि क्षेत्र काढल्यावर ध्रुवण मागे फिरत नाही. इथे बारीक, तिरका वक्र लागतो, म्हणून टायटेनियमच्या ३० टक्के जागी झिर्कोनियम असलेले टार्गेट. यात फेरोइलेक्ट्रिक क्रम नॅनोमीटर आकाराच्या तुकड्यांत मोडतो, फिल्म रिलॅक्सर बनते.

नव्या टार्गेटचा योग्य फ्लुअन्स बीटीओचाच असेल असे धरायचे नाही. पुन्हा मालिका घेतली; सर्वांत कमी लॅटिस अंतर १.७ ज्यूल/चौ.सेंमीला आले.

२ एप्रिल

झिर्कोनियमची फिल्म, २०० नॅनोमीटर, ४० व्होल्टपर्यंत, म्हणजे २ मेगाव्होल्ट/सेंमी. कमाल ध्रुवण ३२, अवशिष्ट ३ मायक्रोकूलंब/चौ.सेंमी. क्षेत्र उतरतानाचा वक्र आणि ध्रुवणाचा अक्ष यांमधले क्षेत्रफळ ही परत मिळणारी ऊर्जा: २४ ज्यूल/घ.सेंमी. (१ मायक्रोकूलंब/चौ.सेंमी गुणिले १ मेगाव्होल्ट/सेंमी बरोबर १ ज्यूल/घ.सेंमी, हे तोंडपाठ असले की वक्र पाहताक्षणी अंदाज येतो.) चार्ज करताना लागलेली ३०.८, कार्यक्षमता ७८ टक्के.

ब्रेकडाउन बहुतेक इलेक्ट्रोडच्या कडेवर, जिथे क्षेत्र एकवटते. २५ मायक्रोमीटरचे गोल ५० वाल्यांपेक्षा जास्त व्होल्टेज सोसतात, कारण लहान क्षेत्रात दोष सापडण्याची शक्यता कमी. म्हणून ब्रेकडाउनच्या आकड्याशेजारी इलेक्ट्रोडचा व्यास लिहायचाच.

८ एप्रिल

२४ ज्यूल/घ.सेंमी हा आकडा अहवालात एकटा जाऊ नये. हा फक्त फिल्मच्या आकारमानाचा आहे. एक चौ.सेंमी फिल्ममध्ये प्रत्यक्ष साठा ०.४८ मिलिज्यूल. खालचा सब्सट्रेट अर्धा मिलिमीटर, फिल्मच्या २५०० पट जाड. तो धरला तर घनता ०.०१ ज्यूल/घ.सेंमीच्या आत येते. ऊर्जेचा दावा करायचा असेल तर अनेक थर एकावर एक किंवा सब्सट्रेटवरून सोडवलेली फिल्म हवी.

सोडवण्यासाठी पाण्यात विरघळणारा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा थर खाली घालून पाहायचा. टार्गेट मागवले आहे. ते हवेतल्या ओलाव्याने खराब होते, म्हणून आल्यापासून डेसिकेटरमध्ये. त्याच्यावर लगेच एसटीओच्या दहा सेलचे झाकण, मग एसआरओ. खिडकीचे आजचे पारगमन ८९ टक्के.